बाबूची केळ

शेवंतीच्या मागीलदारी, विहिरीच्या पाटाला लागून एक केळ होती, आणि त्या केळीला अख्खी खालची वाडी वचकून असे. खरं सांगायचं तर केळीला नव्हे, शेवंतीला. कोणाची कोंबडी तिच्या आळ्यात उकरू लागली की कोंबडीवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. कोणाचं वासरू कुंपणातून तोंड घालायचा अवकाश, शेवंती ताटावरून उठायची.

"शिरा पडो तुमच्या तोंडार! माझ्या बाबूची केळ ती! तुमच्या ढोरांका चरूक लावलंय काय?"

आणि गंमत बघा, एरवी शेवंतीला एकाला दोन सुनावणाऱ्या बायकाही तेव्हा गप्प बसायच्या. वासराला दावं लावायच्या आणि घरात जायच्या.

बाबू तिचा एकुलता एक. नवरा, गणपत, पोर रांगत होता तेव्हाच तापाने गेला. शेवंतीने भातशेतीचा एक तुकडा आणि सुक्या मासळीची टोपली यांवर पोर वाढवला. मोठा झाला तसा तो कौलं आणणाऱ्या गलबतावर खलाशी म्हणून लागला. मंगळूर, कालिकत, कुठे कुठे जायचा आणि येताना आईला काहीतरी घेऊन यायचा. कधी काथ्याचा दोर, कधी मिरी. लग्न झालं, पद्मावती घरात आली, तरी पहिली वस्तू आईच्या हातात. पद्मावती हसायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे, इतकी ती गुणाची.

त्या वर्षी वैशाखात, गलबत पावसाळ्यासाठी वर ओढायच्या आधीच्या शेवटच्या खेपेला, बाबू किनाऱ्यावरून वर आला तो खांद्यावर केळीचा मुनवा, कंदासकट रोप, घेऊन. ओल्या काथ्यात गुंडाळलेला, तान्ह्या पोराला धरावं तसा धरलेला.

"आये, तुका केळ हाडलंय. राजेळीची थोरली भयण. हातभर लांब केळां लागतत!"

"खंय गावली रे?"

"मलबारात. थयले लोक पिसे झाले गो! उभी केळ खणतत, वर घासलेट ओततत, नि खड्ड्यात घालतत. रस्त्याकडेक ह्यो ढीग. न व्यालेली केळ अशी मारतत काय कोण? माझ्यान बघवला नाय. त्यातली एक बरी बघून उचललंय."

"बरां केलंस रे झिला," शेवंती म्हणाली. "पाप लागात तेंका."

खालच्या वाडीत न व्यालेल्या केळीला कोणी कोयती लावत नाही. घड कापला की मग ती केळ तोडायची, तिचं काम झालं, तिच्या पायाशी पोरं उभी राहिलेली असतात. पण त्याआधी तोडणं म्हणजे पोटुशीवर हात उचलणं. हे कोणी शिकवत नाही, दुधाबरोबर येतं. तेव्हा बाबूने केलं ते वाडीतल्या कुठल्याही भल्या पोराने केलं असतं. ते ढीग का पडले होते, हे विचारायचं मात्र ना त्याला सुचलं ना आईला.

त्याने स्वतः खड्डा खणला, मुनवा लावला, पाणी घातलं. हात धुता धुता म्हणाला, "घड पडलो की मीच येवन कापतलंय हां. तोपर्यंत कोणी हात लावूचो नाय."

नारळी पुनवेनंतर गलबत दर्यात लोटलं ते गेलंच. कारवारच्या पलीकडे वादळ झालं. एक मोडकी डोलकाठी किनाऱ्याला लागली, एवढीच खबर आली. गलबतावरचे बाकीचे खलाशी दुसऱ्या गावचे. त्यांच्या घरच्यांनी वाट पाहिली आणि मग दर्भाचे पुतळे करून क्रियाकर्म उरकलं. खालच्या वाडीतले म्हातारे नाना गावकर तेच सांगायला शेवंतीकडे आले, तर तिने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"मडां बघितलात तुमी? नाय मा? मग गप ऱ्हवा. माझो झील येतलो म्हणून सांगून गेलोसा. केळ व्याली की येतलो."

तोवर केळीने चांगली रुंद पानं टाकली होती, पायाशी दोन-तीन पोरंही धरली होती. रोज सकाळी शेवंती सुनेपुढे कुंकवाचा करंडा ठेवायची आणि ती लावेपर्यंत समोर उभी राहायची. पद्मावती लावायची. आरशात बघायची नाही.

मग शेवंतीनेच नानांना देवळात ओढून नेलं. रवळनाथाच्या पुढ्यात सगळी वाडी जमली आणि नानांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या शेवंतीचो झील दर्यार गेलोहा, तो असात थयसून तेका सुखरूप घराक हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"त्येच्या हातची केळ व्याली, की पयलो घड तुझ्या पायार घालतली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तोपर्यंत त्या केळीक नि त्या केळीच्या पोरांक वाडीतलो कोणी कोयती लावचो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवापुढे दिलेला शब्द तो. तिथे हसून सोडून देण्यासारखं काही नसतं.

वर्ष सरलं. केळ काही व्याली नाही. नवीन पान यायचं ते आधीच्यापेक्षा आखूड, अरुंद, आणि बाजूला पडायचं सोडून ताठ वर. पानावर पान, सगळी शेंड्याशी दाटलेली, केरसुणी उलटी धरल्यासारखी. कडा पिवळट, हात लावला तर मोडणाऱ्या. पद्मावती पाणी घालायला जायची, तिच्या नजरेला आधी पडलं.

"आये, ह्या बघ. देठार काळपट हिरवी रेघ, तुटक तुटक. नि मधल्या सुरळीत, पोग्यात, मावो भरलोहा. केळ बरी नाय ही. कोणाक तरी दाखवया."

"तुझीच दिष्ट लागली तिका!" शेवंती कडाडली. "घोवाची केळ ती, नि बरी नाय म्हणतंस? जीभ कशी वळली तुझी?"

पद्मावती घागर उचलून आत गेली. पुन्हा त्या विषयावर ती कधी बोलली नाही. बोलली असती तर, असं पुढे शेवंतीच्याच मनात कितीदा आलं. पण बोलू दिलं कोणी?

शेवंतीने माशांचं धुवण घातलं, शेण घातलं, राख घातली, दृष्ट काढली. केळ जागची हलेना. मग तिने मनाशी ठरवलं की दोष मातीचा. मागीलदारची माती खारट, मलबारची केळ तिला कशी मानवेल? मिरगाच्या आधी तिने पायाशी धरलेली पोरं, आता चांगली दहा-बारा झाली होती, सुटी केली. त्यातलं सगळ्यात बरं दिसणारं सुपात घातलं, वर हळदकुंकू, नारळ, आणि निघाली.

पहिली गेली सुभद्राकडे. सुभद्राची केळीची बाग म्हणजे वाडीचं भूषण. मालवणच्या बाजारात तिची वेलची केळी लोक हाक मारून घ्यायचे, आणि गणपतीत अख्ख्या वाडीला पानं आणि फणी तिच्याकडूनच.

"तुझो हात चांगलो गो," शेवंती म्हणाली. "तुझ्याकडे व्यातलीच. खंयचीय व्याली तरी ती माझ्या बाबूचीच."

सुभद्राने पदर पसरला. आखडलेली ती पानं तिने बघितली नसतील असं थोडंच आहे? जन्म केळीत गेला होता तिचा. पण पोरगा हरवलेली बाई ओटीत लेकरू घालावं तसं काही घालते तेव्हा पदर मागे कोण घेईल? सुभद्राने घेतली, नानांनी घेतली, सगळ्या घरांनी घेतली.

पुढे शेवंतीचा दिनक्रमच झाला. सकाळी आपल्या केळीला पाणी, मग वाडीत फेरी. ज्याच्या त्याच्या घरामागच्या परड्यात जायची, बाबूच्या केळीपाशी बसायची, पोग्यात बोट घालून बघायची, आणि "औंदा नाय तर फुडल्या वर्सा" म्हणून उठायची. आजूबाजूला तिचं लक्षच नसे. पुढच्या वर्षीच्या गणपतीला वाडीने केळी कसालच्या बाजारातून विकत आणली, तेव्हासुद्धा ती सुभद्राला म्हणाली, "आळशी झालंस गो तू! बाग असून इकतची केळी?" सुभद्रा म्हणाली, "व्हय वयनी. होणा नाय आता माझ्यान." आणि सुपारी कातरत राहिली.

तिसऱ्या वर्षी, पाऊस संपल्यावर, शेतकी खात्याचे एक साहेब कसालहून आले. आजूबाजूच्या गावांतही केळी बिघडू लागल्याची वर्दी त्यांच्याकडे गेली होती. माणूस तरुण, गोड बोलणारा. सुभद्राच्या बागेत शिरला आणि उभाच राहिला. वाडी गोळा झाली. शेवंतीही कुंपणाशी येऊन थांबली, नेहमीच्या फेरीला निघालेली.

साहेबांनी एक पान देठासकट कापलं, उन्हाकडे धरलं. "या हिरव्या रेघा दिसतात? हा पर्णगुच्छ. आपल्याकडचा रोग नाही हा, दक्षिणेतून येतो. आजारी झाडाचा मुनवा कोणी आणून लावला की त्याच्याबरोबर येतो. मग हा मावा या केळीवरून त्या केळीवर बसतो आणि पसरवतो. वरून रोप चांगलं दिसतं, म्हणून माणूस फसतो. पहिली रेघ दिसली तेव्हाच ते एक बेट काढलं असतं ना, तर ही बाग वाचली असती." त्यांनी मान वर केली. "तुमच्यात बाहेरून केळ कोणी आणली होती?"

नाना पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. कोणी आभाळाकडे बघितलं. सुभद्रा पुढे झाली.

"माझीच पयली बिघडली, सायबानु. पावसान असात. बाहेरचां काय नाय."

शेवंतीला ते नीट ऐकूच गेलं नव्हतं. ती साहेबांच्या हातातल्या पानाकडे बघत होती. तिच्याच केळीचं पान वाटावं असं ते पान. तिने विचारलं, "सायबानु, अशी केळ मगे व्यातली कधी?"

"आजी, ही व्यायची नाही."

"फुडल्या वर्सा?"

"कधीच नाही. वर्षानुवर्षं उभी राहील, हिरवी दिसेल, तुम्हाला वाटेल जिवंत आहे. पण घड धरायची नाही. ती आशा सोडा."

बिचाऱ्याला काय ठाऊक आपण कोणाला काय सांगतोय! तो केळीचंच सांगत होता. शेवंतीने कुंपणाचा खांब धरला. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिने बाबूची केळ सोडून बाकीची बाग बघितली. सुभद्राची वेलची, पाटाच्या दोन्ही अंगांनी लावलेली, सगळी आखडून ताठ झालेली. एकीला घड नाही. पलीकडे नानांचं परडं, तेही तसंच. तिच्या डोळ्यांपुढून गणपतीतली विकतची फणी गेली. बाबूचे शब्द कानात आले, रस्त्याकडेचे ढीग, घासलेट. ते लोक पिसे नव्हते. त्या ढिगातून तिच्या पोराने दया येऊन एक केळ उचलली, आणि तिने ती घरोघर वाटली.

साहेब पुढच्या परड्यात गेले, लोकही मागोमाग गेले. सुभद्रा तेवढी राहिली.

"तुका कधी कळला गो?" शेवंतीने विचारलं.

"लावली त्याच वर्सा."

"नि बोल्लंस नाय? बाग गेली तुझी, सुभद्रा! पोटार पाय इलो तुझ्या!"

"काय बोलू वयनी?" सुभद्राचे डोळे भरले. "देवळात 'व्हय म्हाराजा' मीय म्हटलंय मा? नि तू रोज येवन त्या केळीकडे बसायचंस. तिच्यार कोयती कशी लावतलंय? तुझ्या बाबूर लावल्यासारखां झाला असतां. केळी काय, परत येतली."

"केळी परत येतली," शेवंती म्हणाली. पुढचं तिला बोलवेना. तिने सुभद्राचा हात घट्ट धरला आणि दोघी तिथेच पाटाच्या काठावर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब शिपाई आणि घासलेटचे डबे घेऊन आले. नानांनी आधीच त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं की शेवंतीचं परडं शेवटी घ्या, जमलं तर राहू द्या. साहेब म्हणत होते की एक बेट जरी राहिलं तरी नवीन लावलेल्या सगळ्या केळी पुन्हा जातील. एवढ्यात शेवंतीच पुढे आली. खांद्यावर कुदळ, मागे पद्मावती.

"सायबानु, काल इचारलास मा, भायरसून कोणी हाडल्यान? माझ्या झिलान हाडल्यान. मलबारातसून."

साहेबांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसलं. "अरे वा, हे सांगितलंत ते फार बरं झालं. मुलाला बोलवा जरा. कुठल्या गावातून, कोणाच्या बागेतून आणली, हे विचारायला हवं."

सुभद्रा मधे पडायला पुढे आली, शेवंतीने तिला हाताने मागे सारलं.

"तो नाय आता," ती म्हणाली. "दर्यात गेलो. तीन वर्सां झाली."

पद्मावतीने सासूकडे बघितलं. तीन वर्षांत त्या तोंडातून हे कधी निघालं नव्हतं. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

शेवंती म्हणाली, "पयली माझी काढा. माझ्याच परड्यात खड्डो खणा, नि सगळ्यांची हय हाडून घाला. माझ्याकडसून गेलेली ती, माझ्याकडेच येवंदेत."

आधी शेंड्यात घासलेट ओतायचं, म्हणजे मावा उडून दुसरीकडे जात नाही. मग कंदासकट खणायचं, मुळात एक पोर राहता कामा नये. मग तुकडे करून पुरायचं. शिपाई डबा घेऊन केळीपाशी गेला.

"माका दी," शेवंती म्हणाली.

तिने ती दाटलेली पानं दोन्ही हातांनी हलकेच बाजूला केली आणि मधोमध घासलेटची धार सोडली. बाबू तान्हा असताना त्याची टाळू ती अशीच भरायची, खोबरेलाने, बोटांनी केस बाजूला करून. हात तोच, सवय तीच. अर्ध्यावर धार तुटली. पद्मावतीने मागून येऊन डब्याला हात लावला आणि दोघींनी मिळून तो रिकामा केला.

मग बाप्यांनी खणायला घेतलं. पहिली कुदळ मात्र शेवंतीने मारली. घराघरातून लोक आपापली बाबूची केळ घेऊन येऊ लागले, आणि पाठोपाठ स्वतःच्या बिघडलेल्या केळी. कोणी ओढत आणली नाही, कोणी डोक्यावरून फेकली नाही. सगळ्यांनी खांद्यावरून आणल्या. सुभद्राने आपली आणली, खड्ड्याच्या काठावर वाकून आत ठेवली. शिपाई तुकडे करू लागला तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली.

माती लोटायच्या आधी शेवंती म्हणाली, "नानानु, गाऱ्हाणां घाला. देवाक शब्द दिलेलो आसा. असो मोडूचो नाय."

नाना खड्ड्यापाशी उभे राहिले. हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! तुझ्या पुढ्यात वाडीन शब्द दिलेलो, तो आज वाडी मोडता हा. लेकरांचो आपराध पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, कसंबसं.

"केळ व्याली नाय, देवा. आता वाट बघूची नाय, म्हाराजा!"

कोणीच काही म्हटलं नाही. गाऱ्हाण्यात असं कधी होत नाही. पण हे 'व्हय' म्हणायला जीभ कोणाची उचलणार?

नानांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आमचो बाबू, गणपतचो झील, दर्यात गेलोहा. तेका तुझ्या पायाकडे जागा दी, म्हाराजा!"

सुभद्राने तोंडात पदर कोंबला होता. नानांचे हात जोडलेलेच राहिले, कारण उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"व्हय म्हाराजा," शेवंती म्हणाली.

एकटीच. मोठ्याने, देवळात म्हणतात तसं. मग तिने ओंजळभर माती घेतली, खड्ड्यात टाकली, आणि "बाबू रे! माझ्या झिला!" म्हणून जो हंबरडा फोडला तो पार खाली होड्यांपर्यंत गेला.

खड्डा भरल्यावर साहेबांनी हात धुवायला पाणी मागितलं. पण वाडीतलं कोणी हातांवर थांबलं नाही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी एकेक करून सगळे विहिरीवर गेले आणि डोक्यावरून पाणी घेऊ लागले, मर्तिकाहून आल्यावर घेतात तसं. बाप्ये झाले, मग बायका. सुभद्राने पोहरा ओढून शेवंतीच्या डोक्यावर ओतला, दुसरा पद्मावतीच्या. पद्मावतीच्या कपाळावरचं कुंकू पाण्याबरोबर नाकावरून हनुवटीपर्यंत उतरलं. सवयीने तिचा हात ते सावरायला वर गेला आणि तिथेच थांबला. तिने सासूकडे बघितलं.

शेवंतीने आपल्या ओल्या पदराने तिचं तोंड पुसलं. सगळं पुसलं.

"पुरे झाला गो बाये," ती म्हणाली. "माझ्यासाठी लावीत होतंस, माका ठावक आसा."